कूर्चोपचार आणि पुनर्वसन

वसई तालुक्यातील वालीव येथील कारखान्यांत उभ्याने राबणाऱ्या मजुराची मिळकत त्याच्या गुडघ्यांवर अवलंबून असते. सांध्यातील कूर्चा एकदा नष्ट झाली की पूर्ववत होत नाही, हे विल्यम हंटर याने लंडन येथे १७४३ मध्येच नमूद केले होते. तीत रक्तवाहिन्या नसणे, हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून २३ जणांच्या गुडघ्यांत रोपल्याचा वृत्तान्त स्वीडनमधील ब्रिटबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. मुंबईत पुनर्वसनाची परंपरा त्यापूर्वी चार दशके रुजली होती. के. ई. एम. रुग्णालयात १९५० मध्ये कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा काढली. १९५३ मध्ये तेथेच भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. १९५५ मध्ये हाजी अली येथे पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली.

रोपलेल्या पेशींपासून भार पेलणारी कूर्चा तयार होण्यास अनेक महिने लागतात. तोवर सांधा हालता ठेवून त्यावरील भार क्रमाक्रमाने वाढवावा लागतो. मजुरास हे महिने मजुरीविना काढता आले नाहीत, तर शस्त्रक्रियाही व्यर्थ जाण्याचा संभव असतो. सारांश, पुनर्वसन हे शस्त्रक्रियेचे परिशिष्ट नव्हे. तो उपचाराचाच उत्तरार्ध होय.