घोड-भीमेच्या काठाने: शिरूर-दौंड परिसरातील प्रेक्षणीय स्थळे आणि त्यांचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या मध्ये शिरूर तालुका आहे आणि भीमेच्या दक्षिणेला दौंड तालुका. सह्याद्री ओलांडून आलेले ढग इथवर पोचेपर्यंत रिते होतात, त्यामुळे हा सगळा मुलूख पर्जन्यछायेचा. पाऊस बेभरवशाचा असल्याने वस्ती, देवस्थान, छावणी, किल्ला जे काही उभे राहिले ते नदीच्या आधाराने. शिरूर गावाचे बोलीतले नावच घोडनदी. पाहुण्यांना दाखवावीत अशी या भागातील बहुतेक ठिकाणे म्हणूनच नदीकाठी किंवा काठापासून थोड्या अंतरावर सापडतात आणि काळाच्या क्रमाने पाहिल्यास त्यांतून या मुलखाचा सलग इतिहास उलगडतो.

सर्वांत जुने काम नदीचे स्वतःचे आहे. शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि पलीकडच्या पारनेर तालुक्यातील निघोज यांच्या मध्ये कुकडी नदीने काळ्या बेसॉल्टच्या पात्रात खोल कुंडे कोरली आहेत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे एकाच जागी गरगरत राहतात, खडक घासतात आणि रांजणाच्या आकाराचे खळगे तयार होतात. यांनाच रांजणखळगे म्हणतात. हजारो वर्षांत शेजारचे खळगे एकमेकांना मिळून लांबच लांब घळ तयार झाली. काठावर मळगंगा देवीचे स्थान आहे. पाणी ओसरल्यावर, हिवाळ्यात, कुंडांचे आकार स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात काठ निसरडा असतो आणि प्रवाह धोक्याचा.

माणसाच्या वस्तीचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा घोडनदीकाठच्या इनामगावात मिळाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात येथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. इ. स. पूर्व 1600 ते 700 अशी सुमारे नऊशे वर्षे येथे ताम्रपाषाणयुगीन शेतकरी राहत होते. सुरुवातीला त्यांची घरे ऐसपैस आणि चौकोनी होती. ते सातू पिकवत, गुरे पाळत आणि नदीचे पाणी पाटाने वळवून घेत. एका पाच खोल्यांच्या मोठ्या घराजवळ धान्याचे कोठार होते, त्यावरून ते गावप्रमुखाचे घर असावे असे अभ्यासक मानतात. मेलेल्या लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. प्रौढांना पुरताना त्यांची पावले घोट्याखाली तोडत. मृताने परत येऊ नये ही त्यामागची भावना असावी. इ. स. पूर्व 1000 नंतर चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेती आटते, शिकारीवरचा भर वाढतो आणि शेवटी वस्तीच उठते. हवामान कोरडे होत गेल्याने हे घडले, असा ढवळीकरांचा निष्कर्ष आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या दुष्काळाशी चाललेल्या झुंजीची इतकी जुनी आणि इतकी तपशीलवार नोंद क्वचितच कुठे मिळते. इनामगावला जाण्यापूर्वी डेक्कन कॉलेजचे संग्रहालय पाहिले, तर टेकाडावर उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे गाव उभे राहते.

यादवकाळाची खूण भीमेच्या पलीकडे, दौंडजवळच्या पेडगावात आहे. येथील लक्ष्मीनारायण मंदिराचे कोरीवकाम त्या काळातील आहे. पुढे सतराव्या शतकात मोगल सरदार बहादूरखानाने येथे छावणी करून किल्ला बांधला, म्हणून तो बहादूरगड. तळाला लागणारे पाणी हत्तींच्या मोटेने नदीतून वर चढवले जाई. 1689 च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी पकडलेल्या छत्रपती संभाजी महाराजांना याच गडावर औरंगजेबापुढे आणण्यात आले. 11 मार्च 1689 रोजी भीमा-इंद्रायणीच्या संगमाच्या परिसरात त्यांची हत्या झाली. हवेली तालुक्यातील तुळापूर आणि शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक ही दोन्ही गावे या घटनेशी जोडलेली आहेत. वढूला महाराजांची समाधी आहे आणि तिथे वर्षभर लोकांची रीघ असते.

पेशवाईत या भागाला देवस्थानांनी नवे महत्त्व आले. पुणे-नगर रस्त्यावरील रांजणगावचा महागणपती अष्टविनायकांपैकी एक. त्रिपुरासुराच्या वधापूर्वी शंकराने येथे गणपतीची आराधना केली, अशी कथा सांगतात. मंदिराचा दगडी गाभारा थोरल्या माधवरावांनी बांधवला. मोहिमांना जाता-येता ते येथे दर्शनाला थांबत. दौंडकडून जवळ असलेला दुसरा अष्टविनायक म्हणजे भीमेच्या उत्तर तीरावरील सिद्धटेकचा सिद्धिविनायक, उजव्या सोंडेचा. तो कर्जत तालुक्यात येतो. आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी बांधवले. पूल होण्यापूर्वी भाविक दौंडहून शिरापूरला येत आणि होडीने नदी ओलांडत. शिरूर तालुक्यातील पाबळ हे मस्तानीचे गाव. पहिल्या बाजीरावाने ते तिला दिले होते. 1740 मध्ये बाजीरावापाठोपाठ ती वारली. तिची साधी कबर पाबळमध्ये आहे. याच गावात 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमणाऱ्या मुलांना हाताच्या कामातून विज्ञान शिकवणारी ही संस्था आवर्जून पाहावी.

1802 च्या वसईच्या तहानंतर दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली आणि तिचा तळ घोडनदीकाठी शिरूरला पडला. पुण्यापासून एक-दोन मुक्कामांवर, निजामाच्या मुलखाकडे जाणाऱ्या वाटेवर आणि बारमाही पाण्याजवळ ही जागा सोयीची होती. फौजेचा अधिकारी कर्नल विल्यम वॉलेस 1809 मध्ये येथेच मरण पावला. आसपासचे लोक त्याला ‘सत्पुरुष’ मानून त्याच्या कबरीची पूजा करू लागले. सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य तिथे नेत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे.

पुढे पेशवे आणि इंग्रज यांच्यातच युद्ध जुंपले आणि याच छावणीतून 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची इंग्रजी तुकडी पुण्याकडे निघाली. दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे पेशव्यांच्या मोठ्या फौजेशी तिची गाठ पडली. दिवसभर गावाच्या गल्ल्यांतून लढाई झाली. नदी समोर असूनही शिपाई तहानेने व्याकूळ झाले होते. अंधार पडल्यावरच त्यांना पाणी मिळाले आणि रात्रीत पेशव्यांची फौज निघून गेली. या तुकडीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. पलीकडच्या पेरणे गावच्या हद्दीत उभारलेल्या स्तंभावर मृतांची नावे कोरलेली आहेत. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे येऊन अभिवादन केले. तेव्हापासून ही जागा स्वाभिमानाचे प्रतीक ठरली आणि दर 1 जानेवारीला लाखो लोक येथे येतात.

इंग्रजी अमलात महत्त्व रेल्वेकडे सरकले. पुणे-सोलापूर मार्गावरील दौंडला 1878 मध्ये मनमाडची लोहवाट जोडली गेली. मुंबईमार्गे न जाता उत्तर आणि दक्षिण जोडणारे हे जंक्शन झाले आणि दौंड शहर त्याभोवती वाढले.

स्वातंत्र्यानंतर धरणांनी नदीचे रूप पालटले. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे पाणी भिगवणपर्यंत फुगले आणि उथळ काठांवर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागले. दौंडहून भिगवण जवळ आहे. तिथे पहाटे होडीतून पक्षी पाहता येतात. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली चिंचांच्या झाडांसाठी आणि मोकळ्या फिरणाऱ्या मोरांसाठी ओळखली जाते. रब्बी ज्वारी हे या कोरड्या मुलखाचे हक्काचे पीक, त्यामुळे थंडीत तिथल्या शेतांवर हुरडा भाजला जातो आणि पुण्या-मुंबईची कुटुंबे त्यासाठी येतात.

फिरण्यासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पुणे-नगर रस्त्याने निघाल्यास कोरेगाव, वढू आणि रांजणगाव एका दिवसात होतात. शिरूरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी टाकळी हाजीची कुंडे, मोराची चिंचोली आणि पाबळ पाहता येतात. दौंडला मुक्काम ठेवल्यास पेडगाव, सिद्धटेक आणि भिगवण सोयीचे पडतात.