दलाल कोणाचा माणूस?

मागच्या रमजानच्या आधी मामूंचा कुवेतहून फोन आला. दिघीच्या बाजूला एक जुनं कौलारू घर आणि त्यामागची सुपारीची वाडी विकायला आहे, एजंटने व्हिडिओ पाठवलाय, टोकन द्यायचं म्हणतोय. मामूंची तीस वर्षांची कमाई त्या घरात जाणार होती. मी विचारलं, "मामू, एजंट कोण?" ते म्हणाले, "आपलाच माणूस आहे रे, ओळखीतला."

मी म्हटलं, "आपला म्हणजे तुमचा, की घर विकणाऱ्याचा?"

मामू थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दोघांचा."

हे 'दोघांचा' डोक्यातून जाईना, म्हणून हा लेख.

अगरदांड्याहून जंगल जेट्टीत बसलं की राजपुरीची खाडी ओलांडून दिघीला उतरायचं. १९४८ पर्यंत हा सगळा भाग जंजिरा संस्थानात होता. आमच्या लहानपणी दिघी म्हणजे बोट आणि मासळी. बंदराचा करार झाला, आधीची कंपनी दिवाळखोरीत गेली, २०२१ मध्ये अदानींनी ते बंदर ७०५ कोटींना घेतलं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या १२ औद्योगिक शहरांच्या यादीत दिघीचं नाव आलं. ते शहर होणार रोहा-माणगावकडच्या गावांत, खाडीकाठच्या दिघीत नव्हे. पण नाव दिघीचं, म्हणून भाव इथेही चढला. (पुण्यात आणखी एक दिघी आहे. नेटवर घर शोधणाऱ्याला आधी तीच दिसते.) निसर्ग चक्रीवादळाने ३ जून २०२० ला या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या केल्या. त्यानंतर पुन्हा सुपारी लावून वाट बघण्यापेक्षा विकलेली बरी, असं म्हणणारेही बरेच निघाले. विकणारे गावात, घेणारे मुंबईत नाहीतर आखातात. मधल्या जागेत एजंट.

दलाल हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात. मुळात अरबी 'दल्लाल' म्हणजे वाट दाखवणारा. याच धंद्याला दुसरा जुना शब्द 'सिमसार'. पैगंबरांच्या काळात मदिनेच्या बाजारातल्या मध्यस्थांना सिमसारच म्हणत. पैगंबरांनी त्यांना 'ताजिर', म्हणजे व्यापारी, असं चांगलं नाव दिलं आणि बजावलं की या धंद्यात फालतू बडबड आणि शपथा घुसतात, तेव्हा सोबत सदका देत जा. धंदा हराम ठरवला नाही, त्याची खोड मात्र ओळखली. खोटं गिऱ्हाईक उभं करून भाव चढवायला, ज्याला 'नजश' म्हणतात, त्याला स्पष्ट मनाई केली. बाजाराचा भाव ठाऊक नसलेल्या काफिल्याला शहराबाहेर गाठून त्याचा माल घेऊ नका, हीसुद्धा मनाई आहे. एकाला भाव माहीत आणि दुसऱ्याला नाही, या दरीतून कमाई होते, हे तेव्हाही कळलेलं होतं.

पण माझ्या विषयाला सगळ्यात जवळची हदीस आहे उर्वा अल-बारिकींची, बुखारीत आलेली. पैगंबरांनी त्यांना एक दिनार दिला आणि एक बकरी आणायला सांगितलं. उर्वांनी घासाघीस करून एका दिनारात दोन बकऱ्या घेतल्या, त्यातली एक एका दिनाराला विकली, आणि परत येऊन बकरीही दिली आणि दिनारही. पैगंबरांनी त्यांच्या व्यापारात बरकतीची दुआ केली. फुकहांनी या हदीसवर पुष्कळ वाद घातलाय, की न सांगता बकरी विकण्याचा अधिकार उर्वांना होता का. मला त्यातलं साधंच दिसतं. उर्वा घेणाऱ्याचे माणूस होते. सौद्यात जे वाचलं ते ज्याच्यासाठी गेले त्याचं.

आता आपल्या किनाऱ्यावरची रीत बघा. मालक एजंटला सांगतो, "मला अमुक मिळाले पाहिजेत, वरचं तुझं." मग एजंट घेणाऱ्याला भाव सांगतो तो त्या 'वरच्या'सकट, शिवाय घेणाऱ्याकडून टक्केवारी वेगळी. म्हणजे उर्वांच्या जागी असा माणूस, ज्याने दुसरी बकरी खिशात घातली आणि आणण्याची मजुरीही मागितली. तो वाईट असतोच असं नाही. त्याची कमाई भाव चढण्यात आहे, आणि आपण मात्र त्याच्याकडून भाव उतरवण्याची अपेक्षा धरून बसतो.

इतिहासात परक्या गिऱ्हाइकांनी हे लवकर ओळखलं. सुरतेला सतराव्या शतकात इंग्रज कंपनीने वखार घातली तेव्हा तिला ना भाषा येत होती, ना कापडाची पारख. तिने स्वतःचा दलाल ठेवला. त्यातला नावाजलेला भीमजी पारेख. १६८३ मध्ये कंपनीने त्याला सोन्याचं पदक दिलं. कंपनी हे उपकार म्हणून करत नव्हती. विणकराकडून, सराफाकडून माल आणि पैसा उचलताना आपल्या बाजूचा माणूस हवा, हा रोकडा हिशेब होता. दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवत, हे फ्रेंच प्रवासी तावेर्निए याने लिहून ठेवलंय. रुमालाखाली काय ठरलं हे बाहेरच्याला दिसत नाही, म्हणून त्या दोन हातांपैकी एक तरी आपल्या माणसाचा हवा.

आपल्या राज्यकर्त्यांनीही दलालांवर नजर ठेवली. अलाउद्दीन खिलजीने घोड्यांचे भाव उतरवताना दिल्लीच्या घोडेबाजारातले दलाल आधी वठणीवर आणले, असं बरनी सांगतो. त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, शामच्या अश-शैझरीने मुहतसिबासाठी लिहिलेल्या पुस्तकात दलालाने स्वतःहून भाव वाढवू नये, दुकानदाराचा छुपा भागीदार असू नये, असं लिहिलंय. शाफई फिकहमध्ये, जो आपण कोकणी मुसलमान पाळतो, विकायला नेमलेल्या वकिलाने तो माल स्वतःच विकत घेणं चालत नाही. एकाच माणसाने दोन्ही टोकं धरायची नाहीत, हा त्यामागचा विचार.

आणि वकील हा शब्द आला की निकाह आठवतोच. मुलीची रजामंदी घ्यायला वकील आणि दोन साक्षीदार आत जातात. नवऱ्याकडचा एखादा 'दोघांचा' माणूस तिची रजामंदी घेऊन आला, तर आपण मांडवातून उठू. घराच्या सौद्यात मात्र विकणाऱ्याचा माणूसच आपल्या वतीने मान डोलावतो आणि आपण टोकन देऊन मोकळे होतो.

कायदाही फार वेगळं बोलत नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम २१५ आणि २१६ मध्ये एजंटने मालकाला अंधारात ठेवून स्वतःचा फायदा केला तर मालक तो व्यवहार नाकारू शकतो किंवा तो फायदा मागू शकतो. पण इथे 'मालक' म्हणजे ज्याने एजंट नेमला तो. तुम्ही कोणाला नेमलंच नसेल तर मागणार कोणाकडे? उलटही एक गोष्ट लक्षात ठेवायची. मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार तुमच्या एजंटला तुमच्या कामात जे कळलं ते तुम्हालाही कळलं असं धरलं जातं. आपला माणूस आळशी निघाला तर त्याचं ओझं आपल्यावरच.

२०१७ पासून महारेरा आहे, एजंटला नोंदणी लागते, आता प्रशिक्षण आणि परीक्षाही. हे चांगलंच झालं. पण रेरा बिल्डरच्या प्रकल्पांसाठी आहे. खाडीकाठचं जुनं घर त्यात बसत नाही. आणि एजंटची कर्तव्यं सांगणाऱ्या कलम १० मध्ये दोन्हीकडून घेऊ नये असं म्हटलेलं नाही. अमेरिकेतही हाच घोळ होता. १९८३ मध्ये तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने तपासलं तेव्हा बहुतेक घर घेणाऱ्यांना वाटत होतं की आपल्याला घरं दाखवणारा ब्रोकर आपला आहे. कायद्याने तो विकणाऱ्याचा होता. त्यानंतर घेणाऱ्याचा वेगळा एजंट ही पद्धत तिथे रुजली. त्याचे पैसे कोणी द्यायचे यावर खटले झाले आणि ऑगस्ट २०२४ पासून तिथल्या ब्रोकरांच्या संघटनेच्या सभासदांनी घर दाखवण्याआधी घेणाऱ्याशी लेखी करार करायचा, असं ठरलं. तो एजंटही बहुधा टक्क्यानेच घेतो, म्हणजे घर महाग तर त्याची फी जास्त. मला ते पटत नाही. घेणाऱ्याच्या माणसाला ठरावीक रक्कम द्यावी, सौदा होवो न होवो.

दिघीत असा 'घेणाऱ्याचा एजंट' पाटी लावून बसलेला नाही. म्हणून मामूंसाठी तो आम्हीच जुळवला. तालुक्याच्या कोर्टात काम करणारे एक वकील ठरावीक फीवर, आणि दोन्ही बाजूंशी नातं नसलेला, गावातला एक निवृत्त तलाठी. घर गावठाणातलं, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर. वाडी सातबाऱ्यावर. वकिलांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "घेणारे राहतात कुठे?" कुवेतला, म्हटल्यावर त्यांनी फाईल मिटली. अनिवासी भारतीयाला घर घेता येतं, शेतजमीन, वाडी किंवा फार्महाऊस घेता येत नाही. एजंटने तीन महिन्यांत हा शब्द काढला नव्हता. वर त्याचा सल्ला होता की सध्या नुसतं कुलमुखत्यारपत्र करून ठेवू. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय.

मग तलाठ्याने जुने फेरफार काढले. आजोबा वारल्यावर वारस म्हणून फक्त मुलगे चढले होते. दोन बहिणींची नावं नव्हती आणि त्यांचं हक्कसोडपत्रही नव्हतं. कुरआनने ज्यांचा हिस्सा ठरवून दिला, त्यांची नावं आपल्याच घरांतून किती सहज गळतात, यावर वेगळं लिहीन. दोघी हयात आहेत, एक म्हसळ्यात, एक मुंब्र्यात.

मी एजंटला विचारलं, बहिणींचं माहीत होतं का? तो शांतपणे म्हणाला, "होतं की. मला घर विकायला सांगितलं होतं, भाईजान. तुम्ही कुठे मला काही विचारायला ठेवलं होतं?"

त्याच्यावर मला राग धरता आला नाही.

वाडी आता सौद्यातून बाहेर आहे. फक्त घर आणि अंगण, आणि किंमत त्या मानाने उतरलेली. म्हसळ्याच्या बहिणीने तिचा हिस्सा रोख मागितला आणि मामूंनी अट घातली की तो खरेदीखताच्या दिवशी तिच्या हातात पडला पाहिजे. मुंब्र्याच्या बहिणीची सही बाकी आहे. ती म्हणते, पावसाळा संपू दे, बोट सुरळीत झाली की येईन आणि आधी घर बघेन, वडिलांनी बांधलेलं आहे.