भरतीचें पाणी आणि नगराची तिजोरी

१६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीच्या आश्रयानें मराठी आरमाराचा पाया घातला. ज्या भरतीनें गलबतें वर येत, तीच भरती आज भिवंडीच्या गटारांचीं तोंडें दाबून धरते. ऐन भरतीस मुसळधार सर आली, म्हणजे कामवारी नदी तुंबते आणि नाल्यांतील पाणी आल्या वाटेनें परततें. तीन बत्तीच्या भाजीबाजारांत पाणी शिरतें, त्याचा सारा दोष कचऱ्याला देतां येत नाहीं.

नाला राखावयाचा कोणीं, हें कायद्यानें केव्हांच ठरविलें आहे. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानें गटारें बांधणें व साफ ठेवणें हें महापालिकेचें आवश्यक कर्तव्य केलें. डिसेंबर २००१ मध्यें भिवंडी-निजामपूर नगरपालिकेची महापालिका झाली, तेव्हां तें तिच्या शिरीं आलें. पैशाचें मात्र इतकें सरळ नाहीं. पाणीपट्टी थकली तर नळ तोडतां येतो. पाऊस कोणाचा तोडावयाचा? त्याचा खर्च सर्वसाधारण उत्पन्नांतूनच भागवावा लागतो. मागांच्या या गांवीं नाक्यावर जकात गोळा होई, तोंवर नाल्याच्या खर्चांत व्यापाराचा वांटा होता. जकातीमागून स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ मध्यें बहुतेक व्यापाऱ्यांपुरता तोही उठला, आणि शासनाची भरपाई सुरू झाली. परक्या हातून येणाऱ्या पैशांत उन्हाळ्यांतील गाळ कसाबसा निघतो. रुंद नाल्याला अनुदानाची वाट पाहावी लागते.

अनुदान मिळावयासही संकट मोठें लागतें. मुंबईंत ताशीं ५० मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याची योजना १९९३ सालींच तयार होती. ती बहुतांशीं कागदावर राहिली. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडून शेंकडों माणसें दगावलीं, तेव्हां कोठें २००७ मध्यें केंद्र सरकारनें बाराशें कोटी रुपये मंजूर केले. भिवंडीचा आवाज दिल्लीपर्यंत इतक्या सहज पोंचत नाहीं.

त्यांत शहराच्या वेशीबाहेर पूर्णा, काल्हेर, राहनाळ या गांवीं सखल जमिनींवर भराव घालून गोदामें उभीं राहिलीं. त्यांची घरपट्टी ग्रामपंचायतींची. नियोजनासाठीं २००७ सालीं महानगर प्रदेश विकास प्राधिकरण नेमलें गेलें. पूर्वीं पाऊस पोटांत घेणाऱ्या शेतांवर आतां पत्रे आहेत, आणि त्यांवरून निथळणारें पाणी कोणाचीही हद्द न विचारतां त्याच खाडीकडे धांवतें.