चार आकारांची स्वरलिपी

युरोपीय संगीताच्या छापील पानावर पाच आडव्या रेषा असतात आणि त्यांवर काळी-पांढरी वाटोळी चिन्हे बसविलेली असतात. चिन्हाच्या या वाटोळ्या भागास ‘डोके’ म्हणतात. डोके कोणत्या रेषेवर बसले आहे यावरून स्वराची उंची कळते; ते भरीव आहे की पोकळ, त्यास दांडी आहे की नाही, यावरून त्याचा काळ कळतो. खुद्द आकार मात्र आज मुका आहे. तो पूर्वी तसा नव्हता. तेराव्या शतकात कोलोनच्या फ्रँकोने स्वराचा काळ आकारावरूनच ठरविला होता. चौकोनी चिन्हाचा काळ निराळा, तिरप्या चौकोनाचा निराळा. पुढे लेखणीच्या ओघात कोपरे झिजले, डोके वाटोळे झाले आणि अर्थ दांडीकडे गेला.

आकाराला पुन्हा वाचा फुटली ती अमेरिकेत. १८०१ साली फिलाडेल्फिया येथे विल्यम लिटल आणि विल्यम स्मिथ यांचे ‘द ईझी इन्स्ट्रक्टर’ हे पुस्तक निघाले. त्या काळी तेथील खेडोपाडी फिरते शिक्षक येत व थोड्या आठवड्यांत गावकऱ्यांना सामुदायिक भजने वाचून गाण्यास शिकवीत. अडचण एकच असे. आपल्याकडे गवई षड्ज कोठेही लावतो आणि बाकीचे स्वर त्याच्या नात्याने ओळखतो. पण पाच रेषांच्या लिपीत पट्टी बदलली की षड्जाची जागाही बदलते. नवशिक्याने नाते शोधावे कसे?

लिटल आणि स्मिथ यांनी ते नाते डोक्याच्या आकारात घातले. इंग्लंडमधून आलेल्या रीतीप्रमाणे सप्तकाला अक्षरे चारच होती. षड्ज-ऋषभ-गांधार म्हणजे फा-सोल-ला. मध्यम-पंचम-धैवत म्हणजे पुन्हा फा-सोल-ला, कारण दोन्ही त्रिकुटांतील अंतरे सारखी. निषाद तेवढा मी. आता ‘फा’ला त्रिकोण, ‘सोल’ला वर्तुळ, ‘ला’ला चौकोन आणि ‘मी’ला तिरपा चौकोन मिळाला. रेषा होत्या तशाच राहिल्या. वाचणाऱ्यास मात्र हिशेब करण्याचे कारण उरले नाही.

सुधारलेल्या शहरांना हे रुचले नाही. १८३८ साली लोवेल मेसन यांच्या खटपटीने बॉस्टनच्या सार्वजनिक शाळांत संगीत शिकविले जाऊ लागले. ते युरोपीय वळणाचे होते, आणि त्या वळणाच्या सुधारकांना हे आकार म्हणजे अडाण्यांची सोय वाटे. आकार दक्षिणेकडे सरकले. १८३५ साली विल्यम वॉकरचे ‘सदर्न हार्मनी’ निघाले. १८४४ साली जॉर्जियातील बी. एफ. व्हाइट व ई. जे. किंग यांचे ‘द सेक्रेड हार्प’ आले. ते छापले मात्र दूर फिलाडेल्फियात. १८४६ साली जेसी आयकिनने चारांचे सात आकार केले. त्याच्यामागून इतरांनीही आपापले सात आकार काढले, पण सरतेशेवटी आयकिनचेच रूढ झाले. तथापि ‘सेक्रेड हार्प’च्या गायकांनी चार आकार सोडले नाहीत. ते आजही चौकोन करून बसतात, पद्य गाण्यापूर्वी तीच चाल फा-सोल-लाने गातात, आणि मगच शब्दांना हात घालतात.

नवा आकार काढणे सोपे असते, तो छापणे सोपे नसते. आकारांची चिन्हे छापायची तर त्यांचे खिळे वेगळे ओतावे लागत. ज्या छापखान्याच्या पेटीत ते नाहीत, तेथे ते गाणे मुद्रित होऊच शकत नसे. संगणकाने ही पेटी मोकळी केली. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘लिलीपाँड’ या संगीतमुद्रणाच्या प्रणालीत ‘सेक्रेड हार्प’चे चार आणि आयकिनचे सात, असे दोन्ही संच आहेत. २०१३ साली स्टाइनबर्ग संस्थेच्या डॅनिअल स्प्रेडबरी यांनी ‘स्मूफल’ हे मानक पुढे आणले, तेव्हा संगीताच्या इतर चिन्हांप्रमाणे या आकारांनाही ठरावीक क्रमांक मिळाले.

तरीही कारागिरी संपलेली नाही. ‘फा’च्या त्रिकोणाची उभी बाजू दांडीला लागून असावी लागते, दांडी वर जाते तेव्हा ती डोक्याच्या उजवीकडे, खाली येते तेव्हा डावीकडे. म्हणून एकाच ‘फा’ला दोन त्रिकोण काढावे लागतात, आणि प्रत्येकावर दांडी नेमकी कोठे जोडायची तो बिंदू यंत्रास सांगावा लागतो. तो केसभर चुकला तरी डोके दांडीपासून सुटल्यासारखे दिसते. तसेच पोकळ डोक्यातील पांढरी जागा एवढी हवी की मंद दिव्याखालीही भरीव-पोकळ हा भेद कळावा.

आपल्या पंडित भातखंडे यांनी निराळी वाट धरली. त्यांनी स्वरांची अक्षरेच ठेवली आणि त्यांना मोजक्या खुणा दिल्या: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, सप्तकासाठी वर किंवा खाली टिंब. ज्याला देवनागरी वाचता येते, त्याला या लिपीची निम्मी ओळख आधीच झालेली असते. मराठीत लिहिलेल्या त्यांच्या क्रमिक पुस्तकांची ही पद्धती हिंदी मुलखात रुजली. १९२६ साली लखनौस त्यांच्या प्रयत्नांनी जे संगीत महाविद्यालय निघाले, तेथे मराठी न जाणणारे विद्यार्थीही तिच्या आधारे शिकले. नोकरीनिमित्त त्या शहरी राहिलेल्या आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक असेल.

जॉर्जियाचा त्रिकोण आणि भातखंड्यांची आडवी रेघ यांचे कूळ एक नाही, पण दोघांमागील प्रश्न एकच आहे: ज्याला गुरूचा सहवास थोडाच दिवस लाभणार, त्याच्या हाती मागे काय ठेवून जावे? जाणकारांनी ज्यास अडाण्यांची सोय म्हटले, त्याच आकारांवर साध्या माणसांनी दोनशे वर्षे आपले गाणे राखले. आज क्रमांक मिळाल्यामुळे ते आकार छापता येतील; ते जगतात मात्र चौकोन करून गाणाऱ्यांच्या मुखी. सोय म्हणून हिणविलेल्या गोष्टीला विद्येचा मान द्यायला आम्हांस तरी संकोच वाटत नाही.