सात फुटांचा पट्टा : पिकलबॉलच्या हळुवार फटक्याचा इतिहास

पिकलबॉल शिकू लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात एक विचित्र सूचना ऐकावी लागते : जोर कमी करा. हातात पॅडल आहे, समोर चेंडू आहे, अंगात ताकद आहे, आणि तरीही शिकवणारा सांगतो की चेंडू जाळीपलीकडे नुसता ठेवा. या सूचनेमागे सुमारे साठ वर्षांचा इतिहास आहे.

१९६५ सालचा उन्हाळा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेट. राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य जोएल प्रिचर्ड आणि त्यांचे मित्र बिल बेल गोल्फ खेळून घरी परतले, तेव्हा घरची मंडळी कंटाळून बसलेली होती. अंगणात जुने बॅडमिंटन कोर्ट होते. पण खेळायला पुरेसे साहित्य सापडेना. मग टेबल टेनिसच्या बॅट आणि भोके असलेला प्लास्टिकचा चेंडू घेऊन खेळ सुरू झाला. जाळी प्रथम बॅडमिंटनच्याच उंचीवर, म्हणजे ६० इंचांवर होती. डांबरी पृष्ठभागावर चेंडू चांगली उसळी घेतो असे लक्षात आल्यावर ती ३६ इंचांपर्यंत खाली आली. पुढच्याच आठवड्यात बार्नी मॅकॅलम या खेळात सामील झाले. तिघांनी मिळून नियम बसवले आणि मॅकॅलम यांनी लाकडी पॅडल कापून तयार केली.

(नावाची कथा थोडक्यात : ‘पिकल्स’ नावाच्या कुत्र्यावरून खेळाचे नाव पडले ही गोष्ट लोकप्रिय असली तरी तिच्यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. कुत्र्याचा जन्मच १९६८ मधला. जोन प्रिचर्ड यांनी नौकाशर्यतींतील ‘पिकल बोट’ या शब्दावरून, म्हणजे इतर नौकांतून उरलेल्या वल्हेकऱ्यांच्या नौकेवरून, हे नाव दिले, हाच वृत्तान्त अधिक पटणारा आहे. मिळेल त्या साहित्याने उभ्या राहिलेल्या खेळाला ते नाव शोभतेही.)

जाळी खाली आणताच एक अडचण उभी राहिली. कोर्ट ४४ बाय २० फुटांचे, म्हणजे टेनिसच्या दुहेरी कोर्टाच्या एक तृतीयांशाहूनही लहान. एवढ्याशा जागेत एखादा उंच, धिप्पाड माणूस कमी उंचीच्या जाळीला टेकून उभा राहिला, तर येणारा प्रत्येक चेंडू तो हवेतच खाली आपटणार. समोर लहान मूल असो वा आजी, खेळ तिथेच संपणार. हा खेळ तर सगळ्या घराने एकत्र खेळावा म्हणूनच मांडलेला. त्यामुळे जाळीच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा आखण्यात आला. त्यात उभे राहून व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीचा फटका, मारायचा नाही. आज हा पट्टा सात फुटांचा आहे आणि खेळाडू त्याला ‘किचन’ म्हणतात. टप्पा पडलेला चेंडू मारण्यासाठी तिथे खुशाल शिरावे. चेंडू हवेत असताना मात्र तिथून हाणण्यास मनाई.

खेळाचे सारे तंत्र या एका मनाईतून घडत गेले. पट्ट्यात अलगद पडणाऱ्या चेंडूचा टप्पा पडू द्यावा लागतो. टप्प्यानंतर तो जाळीच्या उंचीखाली राहतो, आणि जाळीखालचा चेंडू वर उचलावाच लागतो. तो जोराने उचलला तर प्रतिस्पर्ध्याच्या छातीपाशी पोहोचतो. मग शिक्षा अटळ. ‘डिंक’ हा फटका याच कोंडीतून सुटण्यासाठी आहे. गुडघे वाकलेले, पॅडलचा चेहरा किंचित वर उघडलेला, चेंडूशी भेट शरीराच्या पुढे, मनगट स्थिर आणि हालचाल खांद्यातून. पकड सैल ठेवली की चेंडूचा वेग पॅडलवरच मरतो. नवशिके चुकतात ते बहुधा पायांत : गुडघे न वाकवता कमरेतून झुकतात, आणि उरलेले काम मनगटाकडून करून घेतात.

तिसऱ्या फटक्याचे महत्त्वही असेच नियमातून आले. सर्व्हिसचा एक टप्पा आणि तिच्या परतीचा एक टप्पा पडू देणे बंधनकारक आहे. त्यामुळे सर्व्हिस करणारी जोडी जाळीपासून २२ फुटांवरच्या मागील रेषेजवळ अडकून राहते, आणि परत मारणारी जोडी तेवढ्यात पुढे येऊन पट्ट्याच्या रेषेवर ठाण मांडते. आता मागून सपाट, जोरकस फटका मारणे म्हणजे पुढे उभ्या असलेल्यांच्या हातात चेंडू देणे. त्याऐवजी कमानीसारखा ‘ड्रॉप’ मारायचा. कमानीचा माथा आपल्याच बाजूला, जाळीच्या अलीकडे हवा, म्हणजे जाळी ओलांडताना चेंडू उतरणीला लागलेला असतो. भोकांचा हलका चेंडू हवेत लवकर मंदावतो, हे इथे साहाय्यक ठरते. चेंडू समोरच्या पट्ट्यात पडेपर्यंत आपण पुढे सरकलेले असावे.

ज्ञात असलेली पहिली स्पर्धा १९७६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील टकविला येथे झाली. तीत बरेच खेळाडू महाविद्यालयीन टेनिसपटू होते. टेनिसचा लांब फटका घेऊन आलेला माणूस या छोट्या कोर्टावर गोंधळतो, ही गोष्ट आजही बदललेली नाही.

ताकदीने मात्र हार मानली नाही. ती पॅडलमधून परत आली. १९८४ मध्ये बोईंगमधील अभियंते आर्लन पॅरँटो यांनी विमानाच्या तळफळीसाठी वापरल्या जाणाऱ्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गाभा असलेल्या फलकांपासून पॅडल बनवले. जड लाकडाच्या जागी हलके, ताठ साधन आले आणि हात झपाट्याने फिरू लागला. पहिले नियमपुस्तकही त्याच वर्षीचे, हा योगायोग बोलका आहे. पुढे खरखरीत कार्बनच्या पृष्ठभागांनी चेंडूला फिरकी दिली. बोटांनी गरगर फिरवून केलेली सर्व्हिस परतवणे इतके कठीण झाले की २०२३ च्या नियमांनी सर्व्हिसपूर्वी चेंडूला फिरकी देणेच बंद केले. साधन वेगाला मोकळे करते आणि नियमावली त्याला पुन्हा वेसण घालते, असा हा झगडा आहे. सात फुटांचा पट्टा ही त्यातली पहिली वेसण.

भारतात हा खेळ रुजवण्याचे श्रेय मुंबईच्या सुनील वालावलकर यांना दिले जाते. १९९९ मध्ये कॅनडात त्यांनी तो प्रथम पाहिला. २००८ मध्ये ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशनची स्थापना झाली. आपल्याकडचे अनेक खेळाडू बॅडमिंटनमधून येतात, आणि त्या खेळाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतील ब्रिटिश अधिकारी तो खेळत आणि ‘पूना’ हे त्याचे एक नावच होते. बॅडमिंटनमध्ये वेग येतो तो मनगटाच्या आणि हाताच्या पुढच्या भागाच्या झटक्यातून. वर्षानुवर्षे मुरलेला हाच झटका डिंक मारताना चेंडू उंच उडवतो. टेनिसवाल्याला फटका आखूड करायला शिकावे लागते, तर बॅडमिंटनवाल्याला मनगट गप्प ठेवायला.

बॅडमिंटनच्या सभागृहात पिकलबॉलसाठी चिकटपट्टी लावताना बाहेरच्या रेषा तशाच वापरता येतात, कारण दोन्ही कोर्टे ४४ बाय २० फुटांचीच. जाळी खाली घ्यावी लागते. आणि जाळीपासून साडेसहा फुटांवर असलेली बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस रेषा मात्र चालत नाही. तिच्या सहा इंच मागे नवी पट्टी लावावी लागते.