ताटावरची नजर

वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या माणसाच्या ताटाकडे लोक फार बारकाईने पाहतात. शस्त्रक्रियेआधी तो किती खातो याचा हिशेब ठेवणारेच नंतर तो किती कमी खातो याचा हिशेब ठेवू लागतात. "एवढंसंच?" असं विचारणारे असतात, "हे चालतं तुला?" असं विचारणारे असतात, आणि "पोट कापून घेण्यापेक्षा तोंडावर ताबा ठेवला असता तर?" असं मागे बोलणारे तर असतातच. तिन्ही प्रश्नांमागे समजूत एकच आहे: भूक ही मनाच्या ताब्यातली गोष्ट आहे, आणि जाड माणसाचं मन कच्चं आहे. ही समजूत फक्त नातेवाइकांची नव्हती. या शस्त्रक्रियेला सत्तर वर्षं होऊन गेली, आणि त्यातली बरीच वर्षं ती खुद्द डॉक्टरांच्या मनातही होती. पुढे याच शस्त्रक्रियेच्या अनुभवाने ती मोडून काढली. दवाखान्यात मोडलेली ही समजूत जेवणाच्या पंगतीत अजून शाबूत आहे, आणि ती तिथूनही जायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात शस्त्रक्रियेपासून नव्हे, उपासमारीच्या एका प्रयोगापासून करावी लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ या शास्त्रज्ञाने 36 तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. हे तरुण धडधाकट होते, स्वेच्छेने आले होते आणि युद्धात शस्त्र धरायला तत्त्वासाठी नकार देणारे होते. निग्रहात ते कुणालाही हार जाणारे नव्हते. त्यांचं वजन साधारण पाव हिश्श्याने उतरलं आणि त्याबरोबर त्यांचं सगळं चित्त अन्नाभोवती गोळा झालं. ते ताटल्या चाटून पुसून घेऊ लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, एकेक जेवण तासन्‌तास पुरवू लागले. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावरही त्यांच्यातल्या काहींना कितीही खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटेना. शरीराचं वजन खाली ओढलं की शरीर भुकेच्या रूपाने परत मागणी करतं, हे इथे उघड दिसलं होतं. पण हे तरुण बारीक होते, म्हणून त्यांच्या वागण्याला कुणी हावरेपणा म्हटलं नाही. जाड माणूस आहारनियमनानंतर असाच वागला तर मात्र तो त्याचा दुबळेपणा ठरत राहिला. 1959 मध्ये अल्बर्ट स्टंकार्ड आणि मॅव्हिस मॅक्लॅरेन-ह्यूम यांनी न्यूयॉर्कमधल्या 100 रुग्णांचा हिशेब मांडला. आहाराचा तक्ता हातात देऊन घरी पाठवलेल्या या शंभरांपैकी बाराजणांनी वीस पौंड कमी केले, आणि दोन वर्षांनंतर ते टिकवणारे उरले दोन. शंभरात अठ्ठ्याण्णव नापास होत असतील तर दोष परीक्षेत आहे की काय, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

त्याच मिनेसोटा विद्यापीठात 1954 मध्ये आर्नल्ड क्रेमेन, जॉन लिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्न पुढे नेण्याची शस्त्रक्रिया मांडली. लॉस एंजेलिसच्या हॉवर्ड पेन आणि लोरेन डिविंड यांनी साठच्या दशकात ती पुढे नेली. जठराजवळच्या आतड्याचे चौदा इंच शेवटच्या चार इंचांना जोडायचे आणि मधलं सगळं आतडं बाजूला ठेवायचं, अशी तिची पुढची ठरलेली रीत. विचार सरळ होता: हा माणूस खायचा थांबणार नाही, तेव्हा खाल्लेलं अंगी लागू द्यायचं नाही. वजन उतरलं, पण दिवसातून अनेकदा होणारे जुलाब, मूतखडे आणि यकृत निकामी होण्याचे प्रकार इतके वाढले की 1980 च्या सुमारास ही शस्त्रक्रिया जवळपास बंद पडली. तिच्यातून एक गोष्ट मात्र हाती लागली, तिच्याकडे तेव्हा फारसं लक्ष गेलं नाही. या रुग्णांचं खाणंही कमी झालं होतं. त्यांच्या जठराला सुरीही लागली नव्हती आणि खाण्याला कुणी अडवलं नव्हतं, तरी त्यांना पूर्वीइतकं खावंसं वाटत नव्हतं.

आयोवा विद्यापीठाच्या एडवर्ड मेसन यांनी वेगळी वाट धरली. जठरव्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचं वजन पुन्हा वाढत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. 1966 मध्ये त्यांनी चिकाशी इतो यांच्याबरोबर पहिली 'गॅस्ट्रिक बायपास' केली, म्हणजे जठराच्या वरच्या टोकाला एक छोटी पिशवी केली आणि ती थेट लहान आतड्याला जोडली. पुढे 1980 च्या सुमारास मेसन यांनीच आणखी सोपी रीत काढली: आतड्याला हात न लावता जठराचा वरचा भाग उभा शिवून घ्यायचा आणि त्याच्या तोंडाशी पट्टी बसवायची. या दुसऱ्या रीतीत भुकेकडे पाहण्याची त्या काळची दृष्टी फार स्पष्ट दिसते. पट्टीचं तोंड अरुंद, त्यामुळे मांस किंवा पाव अडकायचा आणि ओकारी व्हायची, तर आइस्क्रीम, मिल्कशेक, चॉकलेट सहज खाली उतरायचं. साहजिकच माणसं उतरतं ते खाऊ लागली. मग त्यांना 'गोडखाऊ' असं नाव पडलं. 1987 मध्ये व्हर्जिनियातल्या हार्वे शुगरमन यांनी दोन्ही शस्त्रक्रियांची तुलना केली. गोडखाऊ रुग्णांचं वजन पट्टीने नीट उतरत नाही, बायपासने उतरतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याचं कारण म्हणून बोट दाखवलं गेलं ते 'डंपिंग'कडे. बायपासनंतर साखर खाल्ली की ती एकदम आतड्यात उतरते, घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात कळ येते, आडवं व्हावं लागतं. अनेक शल्यविशारदांना हा दुष्परिणाम उपयोगाचा वाटला, कारण तो रुग्णाला धडा शिकवत होता. म्हणजे शस्त्रक्रियेची रचना माणसाला विशिष्ट पदार्थांकडे ढकलणार, तो तिकडे गेला की त्याच्या स्वभावाला नाव ठेवलं जाणार, आणि मग शिक्षा करणारी शस्त्रक्रिया त्याच्यासाठी योग्य ठरणार. हे डॉक्टर दुष्ट नव्हते. रुग्णाच्या जिवासाठीच ते झटत होते. पण जाडी म्हणजे शिस्तीचा अभाव, ही समजूत त्यांच्याही हाताशी होती, आणि तिच्यामुळे समोरच्या पुराव्याचा अर्थ उलटा लागत होता.

नव्वदच्या दशकापासून चित्र पालटलं. 1995 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉल्टर पोरीस यांनी बायपास झालेल्या 608 रुग्णांचा अनुभव छापला. टाइप 2 मधुमेह असलेल्यांपैकी बहुतेकांची साखर ताळ्यावर आली होती, आणि तीही पुष्कळदा वजन उतरण्याआधी, काही दिवसांतच. नुसती पिशवी लहान झाल्याने हे घडणं शक्य नव्हतं. 1999 मध्ये जपानच्या मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी जठरातून स्रवणारं 'घ्रेलिन' हे भूक वाढवणारं संप्रेरक शोधलं. 2002 मध्ये डेव्हिड कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आहार कमी करून वजन उतरवलेल्या माणसांच्या रक्तात घ्रेलिन सुमारे 24 टक्क्यांनी वाढतं. बायपास झालेल्यांत मात्र ते तितक्याच जाड माणसांच्या तुलनेत 72 टक्क्यांनी कमी आढळलं. पुढच्या सगळ्या अभ्यासांत बायपासनंतरचं घ्रेलिन इतकं खाली आढळलं नाही. आतड्यातून स्रवणाऱ्या इतर संप्रेरकांचाही यात मोठा वाटा असल्याचं आता स्पष्ट आहे. पण मूळ गोष्ट पक्की झाली. नुसतं कमी खाणाऱ्याचं शरीर त्याला अधिक भूक लावतं, आणि शस्त्रक्रिया जठर-आतड्यातून मेंदूकडे जाणारा निरोपच बदलते. आज सर्वाधिक केली जाणारी 'स्लीव्ह' शस्त्रक्रिया जठराचा जो भाग काढून टाकते, त्यातच घ्रेलिनचा मुख्य साठा असतो. तेव्हा शस्त्रक्रियेनंतर माणूस कमी खातो तो अचानक सद्गुणी झाला म्हणून नव्हे, आणि आधी जास्त खात होता तोही दुर्गुणी होता म्हणून नव्हे.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा: काही झालं तरी ही पळवाटच. व्यायाम आणि पथ्याने वजन कमी करणारे आहेतच ना? आहेत, आणि त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण अपवादावरून सगळ्यांना जोखता येत नाही. स्वीडनमध्ये 1987 पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचं वजन पुढच्या वर्षांत दोन टक्क्यांच्या आतबाहेरच राहिलं. बायपास झालेल्यांचं मात्र दहा वर्षांनीही मूळ वजनाच्या सुमारे 25 टक्क्यांनी कमी होतं, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचं प्रमाणही कमी आढळलं. शिवाय ही वाट सोपी म्हणणाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतरचं एक जेवण जवळून पाहावं. पहिले आठवडे नुसते द्रव पदार्थ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. त्यानंतरही आधी डाळ, पनीर, अंडं किंवा मासा, आणि पोटात जागा उरली तर भात. पोळीचा घास नीट चावला नाही तर छातीत अडकून बसतो. जेवताना पाणी प्यायचं नाही, नंतरही अर्धा तास नाही. लोह, कॅल्शियम, ब-12 यांच्या गोळ्या जन्मभर. यात सोपं काही नाही. तरीही ऑस्ट्रेलियात जास्मिन फार्डोली आणि लेनी व्हार्टानियन यांच्या अभ्यासांत दिसलं की एखाद्या स्त्रीने वजन शस्त्रक्रियेने कमी केलं असं सांगितलं की पाहणारे तिला पथ्य-व्यायाम करणारीपेक्षा आळशी आणि कमी कर्तबगार ठरवतात. ती जाड होती तेव्हाही आळशी, बारीक झाली तरी आळशी.

आपल्याकडे या निवाड्याला पंगतीची जोड मिळते. महाराष्ट्रातलं आदरातिथ्य आग्रहावर उभं आहे. यजमान स्वतः जिलबीचं ताट घेऊन पंगतीतून फिरणार, पाहुणा हात आडवा धरणार, तरी दोन जिलब्या पडणारच, आणि पडलेलं पानात टाकायचं नाही. जेवणाऱ्याचं मन जेवणावरून ओळखणारी ही रीत अन्न दुर्मिळ असण्याच्या काळात माणुसकीची होती. ज्या घरांत वर्षातून चार वेळा गोडधोड व्हायचं, तिथे पाहुण्याला पोटभर वाढणं हा खरा त्याग होता. पण काळ बदलला आणि शरीरंही बदलली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये स्वतःचंच उदाहरण छापलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 22.3, पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी 21.2 टक्के आणि युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के. तेवढ्याच बीएमआयला भारतीयांच्या शरीरात चरबी जास्त असते, म्हणूनच त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेची बीएमआयची मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा खाली धरली जाते. "दिसायला तर इतका जाड नव्हता, मग कशाला केलं?" या प्रश्नाचं उत्तर पुण्यातल्याच डॉक्टरांनी दिलेलं आहे. 2011 मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा ती मराठी घरांत सर्वांना ठाऊक झाली, पण ठाऊक होणं वेगळं आणि पंगतीत मान्य होणं वेगळं.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. आग्रह म्हणजे निवाडा नव्हे, ते प्रेम आहे. आणि टोकलं नाही तर माणूस पुन्हा खाऊ लागेल, वजन परत येईल. वजन काही जणांचं परत येतं, हे खरं. पण टोकण्याने ते थांबतं असा पुरावा नाही. लाजेने माणूस लपून खातो, आणि वजन वाढलं की तपासणीला डॉक्टरांकडे जायचंच टाळतो. या रुग्णांची नाजूक बाजूही आकड्यांत दिसते. अमेरिकेत 2007 मध्ये छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे एकूण मृत्यू 40 टक्क्यांनी कमी होते, मधुमेहाने होणारे तर 92 टक्क्यांनी. पण अपघात, आत्महत्या अशा आजाराबाहेरच्या कारणांनी होणारे मृत्यू 58 टक्क्यांनी जास्त होते. 2012 च्या दुसऱ्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या विकारांचं प्रमाण वाढलेलं आढळलं. याचा सगळा दोष लोकांच्या बोलण्यावर ढकलता येणार नाही. बायपासनंतर दारू रक्तात लवकर चढते, हे एक शारीरिक कारण आहेच. पण अन्नाशी असलेलं सगळं नातं बदलण्याच्या काळातून जाणाऱ्या माणसाला चारचौघांत त्याच्या ताटावरून बोलणं हे प्रेमाने केलं तरी घातकच. आता वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतातही मिळू लागली आहेत, आणि ती घेणाऱ्यांनाही तेच "पळवाट" ऐकावं लागतं आहे.

लग्नसराई जवळ आली आहे. वाढपी नुसतं वरण आणि चमचाभर भात वाढून पुढे जात असेल, तर त्याला जाऊ द्यावं. शेजारच्या पानात काय आहे आणि किती उरलं आहे, यावर बोलू नये. आणि ज्याने शस्त्रक्रिया करून घेतली आहे त्याला जेवणाविषयी काही विचारायचंच असेल, तर "काय आणू?" एवढंच विचारावं, आणि तो सांगेल तेवढंच आणावं.