मांजरांच्या नावची बाग

मांजरांवरच्या दयेचा विषय निघाला की आपण हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची आठवण काढतो, त्यांच्या नावातच मांजरीचं पिल्लू आहे. पण या दयेला व्यवस्थेचाही इतिहास आहे.

इजिप्तचा मामलुक सुलतान बैबर्स (कारकीर्द १२६० ते १२७७) याने कैरोतल्या आपल्या मशिदीजवळची एक बाग मांजरांसाठी वक्फ केली. एडवर्ड लेन हा इंग्रज अभ्यासक १८३३ ते १८३५ या काळात कैरोत होता. तो लिहितो, बाग तोवर अनेकदा विकली गेली होती. वर्षाला जेमतेम १५ पियास्टर येत. तरी रोज असरच्या वेळी काझीच्या कचेरीच्या अंगणात मांजरं जमत. त्यांच्या खाण्याचा बहुतेक खर्च काझीच्या अंगावर पडे, कारण वक्फची राखण त्याच्याकडे होती. पुढे त्यातही हयगय झाली.

मुंबईत परळला दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नी साकरबाईंच्या नावे एकोणिसाव्या शतकात उभारलेलं प्राण्यांचं रुग्णालय मात्र आजही चालतं.

सोलापुरात आम्ही काही जण बेवारस पिल्लं घरी सांभाळतो. कुणाची बदली झाली की ती पुन्हा रस्त्यावर येतात. म्हणून आता पिल्लू उचलण्याआधीच आम्ही दुसरं घर ठरवून ठेवतो. तुमचं घर त्या यादीत लिहू का?